महारेराची एजंट नोंदणी ऑनलाइन सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरं विकून देणाऱ्या लोकांकडून येणारे हे प्रश्न आहेत. काही नवखे असतात, पण बरेचसे दहा-पंधरा वर्षं धंद्यात मुरलेले आणि पोर्टलसमोर बसलं की गोंधळणारे. कायदा म्हणजे २०१६चा स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून रेरा म्हणतात, आणि त्याखालचे महाराष्ट्राचे २०१७चे नियम. महारेरा म्हणजे हा कायदा राबवणारं महाराष्ट्राचं नियामक प्राधिकरण. अर्जापासून नूतनीकरणापर्यंत सगळं ऑनलाइन होतं. त्यातला बराच त्रास कायद्यापेक्षा लॉगिनचा असतो, म्हणून उत्तरंही तिकडे जास्त झुकलेली आहेत.

मी फक्त रिसेल आणि भाड्याची कामं करतो. मला रेरा नंबर लागतो का?

नाही. कायद्याचं कलम ९ नोंदणीकृत प्रकल्पात प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, जे विकतो त्याबद्दल आहे. तिथे मध्यस्थी करायची तर नोंदणी हवी. एका मालकाचा जुना फ्लॅट दुसऱ्याला मिळवून देणं किंवा लीव्ह अँड लायसन्सची कामं करणं यात येत नाही. शेतजमिनीचा साधा व्यवहारही येत नाही. पण जमिनीचा एन.ए. (बिगरशेती) लेआउट पाडून कोणी प्लॉट विकत असेल तर तो प्रकल्प झाला, आणि तिथे ‘आम्ही फक्त जमिनीचं काम करतो’ ही सबब चालत नाही.

व्यवहारात मात्र निव्वळ रिसेल करणारा माणूस फार काळ निव्वळ राहत नाही. भाडेकरूच एके दिवशी विचारतो, ‘समोरच्या नव्या टॉवरमध्ये काही आहे का?’ त्याला साइटवर नेऊन बिल्डरकडून दलाली घेतली की तुम्ही कलम ९मध्ये आलात. वर्षातून असा एखादाच व्यवहार होत असला तरी नोंदणी आधी हवी.

व्हिजिटिंग कार्डवर ‘चॅनेल पार्टनर’ लिहिलंय, ‘एजंट’ नाही. मग?

काही फरक पडत नाही. कायद्याच्या व्याख्येत दलाल, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर, कोणत्याही नावाने काम करणारा माणूस येतो. विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देऊन मोबदला घेतला की झालं. सोसायटीचा सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले काका, इन्शुरन्सवाला मित्र, सगळे त्यात बसतात.

नोंदणी नसताना काम केलं तर होतं काय?

कलम ६२नुसार दर दिवसाला ₹१०,००० दंड. तो साठत साठत, ज्या घराची विक्री तुम्ही घडवली त्याच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दलाली साधारण किती टक्के मिळते ते तुम्हाला माहीत आहेच, हिशेब करून पाहा.

फी किती आणि नोंदणी किती वर्षांची?

व्यक्तीसाठी ₹१०,०००, भागीदारी संस्था, एलएलपी, कंपनी यांच्यासाठी ₹१,००,०००. मुदत ५ वर्षं. एका नोंदणीवर अख्ख्या महाराष्ट्रात काम करता येतं, पुण्यात घेतली म्हणून नागपुरासाठी वेगळी लागत नाही. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचं नियामक प्राधिकरणही महारेराच आहे. गोव्याचं मात्र स्वतंत्र आहे. सावंतवाडीत बसून पेडण्यातले फ्लॅट विकणाऱ्यांनी गोवा रेराची वेगळी नोंदणी घ्यायलाच हवी. महारेराच्या अर्जात दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीची माहिती विचारतात, ती लपवू नका.

आधी परीक्षा की आधी अर्ज?

आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग अर्ज. १० जानेवारी २०२३च्या आदेशाने महारेराने एजंटांना सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केलं. मान्यताप्राप्त संस्थेकडून २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि मग आयबीपीएस, म्हणजे बँकांच्या भरती परीक्षा घेणारी संस्था, तिच्यामार्फत होणारी ऑनलाइन परीक्षा द्यायची. पहिली परीक्षा २० मे २०२३ला झाली. जुन्या एजंटांना मुदतवाढी मिळत गेल्या आणि शेवटी १ जानेवारी २०२४पासून सवलत संपली.

परीक्षेला लोक उगाच घाबरतात. प्रकल्प नोंदणी, चटई क्षेत्र (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, कार्पेट एरिया), करारनामा, एजंटाची कर्तव्यं, तक्रार कुठे करायची, असे विषय असतात. रोज ग्राहकाला जे सांगता तेच, फक्त बरोबर सांगायचं. ज्यांनी वर्षानुवर्षं ‘सुपर बिल्टअप’च्या, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून मोजलेल्या क्षेत्राच्या, भाषेत घरं विकली त्यांना चटई क्षेत्राच्या प्रश्नांना थोडं थांबावं लागतं, एवढंच.

परीक्षा पास झालो, प्रमाणपत्रही आलं. म्हणजे आता मी नोंदणीकृत एजंट ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. सक्षमता प्रमाणपत्र तुम्ही परीक्षा पास झाल्याचा पुरावा आहे. रेरा नंबर त्यानंतर अर्ज आणि फी भरून मिळतो. जुन्या एजंटांच्या बाबतीत उलटं झालं: नंबर होता, परीक्षाही दिली, पण प्रमाणपत्र पोर्टलवर आपल्या लॉगिनमधून चढवायचं राहून गेलं. प्रमाणपत्र कपाटात आहे आणि पोर्टलवर नाही, तर पोर्टलच्या लेखी ते नाहीच.

अर्जाला काय काय लागतं?

पॅन, आधार, फोटो, कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा, गेल्या ३ वर्षांची आयकर विवरणपत्रं (भरली नसतील तर तसं घोषणापत्र), सक्षमता प्रमाणपत्र, आणि तुमच्यावर काही दिवाणी-फौजदारी प्रकरणं चालू असतील तर त्यांची माहिती. शिवाय एक गोष्ट हमखास विसरली जाते: तुमचं लेटरहेड, रबरी शिक्का आणि पोचपावती यांचे नमुने. हे आधी छापून, स्कॅन करून ठेवा. अर्ज अर्धा भरून झाल्यावर शिक्केवाल्याकडे धावणारे बरेच असतात.

संस्था असेल तर भागीदारी करार किंवा कंपनीची कागदपत्रं, आणि प्रत्येक भागीदाराची किंवा संचालकाची माहिती.

अर्जात ‘त्रुटी’ निघाली आहे. अर्ज फेटाळला का?

नाही. त्रुटी म्हणजे तपासणाऱ्याला काहीतरी जुळलं नाही किंवा दिसलं नाही. लॉगिन करून शेरा वाचा, तेवढंच दुरुस्त करा, पुन्हा पाठवा. अर्ज खरोखर फेटाळायचा असेल तर त्याआधी तुमची बाजू ऐकून घ्यावी लागते, तसं कायद्यातच आहे.

सर्वात जास्त त्रुटी नावावरून निघतात. पॅनवर ‘सुरेश रामचंद्र पाटील’, आधारवर ‘पाटील सुरेश रामचंद्र’, बँकेत नुसतं ‘सुरेश आर. पाटील’. बायकांच्या बाबतीत तर पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हे घरोघरी आहे. पोर्टलला तुमच्या लग्नाशी देणंघेणं नाही, त्याला दोन वेगळी नावं दिसतात. आधी पॅन आणि आधार एकसारखे करून घ्या. जमत नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र सोबत जोडा. परीक्षेचा फॉर्म भरतानाही तेच नाव टाका, नाहीतर प्रमाणपत्रावर तिसरंच नाव येतं आणि गुंता वाढतो.

दुसरं कारण पत्ता. भाड्याच्या गाळ्यात ऑफिस असेल तर मुदत संपलेला भाडेकरार चालत नाही. तिसरं कारण मोबाइलवर तिरका काढलेला, अर्धा सावलीतला फोटो. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन नीट स्कॅन करून घ्या.

अर्जावर निर्णयासाठी नियमात ३० दिवसांची मुदत आहे. त्या मुदतीत काहीच कळवलं नाही तर नोंदणी झाल्याचं मानलं जातं, अशी तरतूद कलम ९मध्ये आहे. पण तिच्या भरवशावर काम सुरू करू नका. बिल्डरला हवा असतो नंबर, आणि मानलेल्या नोंदणीचा नंबर त्याच्या फॉर्ममध्ये टाकता येत नाही. शिवाय बऱ्याचदा त्रुटी निघालेली असते आणि ती ज्या ईमेलवर गेली तो तुम्ही उघडलेलाच नसतो.

पैसे खात्यातून कापले गेले, पण पावती निघाली नाही. पुन्हा भरू का?

लगेच भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि एक-दोन दिवसांनी लॉगिन करून पैसे जमा झालेत का ते पाहा. बहुतेक वेळा पैसे पोचलेले असतात किंवा परत येतात. घाईत दोनदा भरलं तर परत मिळवण्यासाठी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

माझा अर्ज सीएच्या ऑफिसातल्या मुलाने भरला होता. तो नोकरी सोडून गेला. आता ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. काय करू?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि गावोगावी तो आहे. २०१७-१८मध्ये घाईघाईत नोंदण्या झाल्या. अर्ज सायबर कॅफेत भरले गेले किंवा एखाद्या ‘रेरा करून देणाऱ्या’ने पन्नास जणांचे एकत्र भरले. ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत. एजंटाच्या हातात फक्त प्रमाणपत्राची लॅमिनेट केलेली प्रत. ती भिंतीवर छान दिसते. पण नूतनीकरणाची सूचना, त्रुटी, कारणे दाखवा नोटीस, सगळं त्या अनोळखी ईमेलवर जात राहतं, आणि उत्तर दिलं नाही म्हणून पुढची कारवाई तुमच्यावर होते, त्याच्यावर नाही.

तो माणूस सापडत असेल तर आजच गाठा. समोर बसून ईमेल आणि मोबाइल बदलून घ्या. प्रोफाइलमध्ये तुमचा नंबर आला आणि त्यावर ओटीपी आला याची खात्री झाल्याशिवाय उठू नका. सापडत नसेल तर महारेराच्या मदत कक्षाकडे लेखी अर्ज करा: नोंदणी क्रमांक, पॅन, आधार, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, तुमचा स्वतःचा ईमेल आणि मोबाइल. पत्र तुमच्याच लेटरहेडवर आणि सहीनिशी हवं. वेळ लागेल, पण दुसरा मार्ग नाही. त्याच नावाने नवीन अर्ज करून पळवाट काढायला जाऊ नका. पॅन एकच असल्याने तो अडकतो, आणि मग उत्तरं देताना अवघड होतं.

मदत घ्यायला हरकत नाही. फॉर्म भाचीने भरला तरी चालेल. ईमेल मात्र तुमचा, सिमकार्ड तुमच्या नावाचं, आणि पासवर्ड तुम्हाला तोंडपाठ हवा. तसंच महारेराने २०२४मध्ये ‘महाक्रिटी’ नावाची नवी संगणक प्रणाली आणली आहे. जुन्या पोर्टलवरचे स्क्रीनशॉट दाखवणारे यूट्यूबचे व्हिडिओ आता उपयोगाचे नाहीत.

नूतनीकरण कधी करायचं?

मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी अर्ज गेला पाहिजे. म्हणजे प्रमाणपत्रावरच्या तारखेतून दोन महिने वजा करा आणि ती खरी शेवटची तारीख समजा. त्याच्याही महिनाभर आधी लॉगिन चालतंय का, प्रोफाइलमधला पत्ता अजून तोच आहे का, सक्षमता प्रमाणपत्र चढलेलं आहे का, हे पाहून घ्या. पहिल्या नोंदणीच्या वेळी परीक्षा नव्हती, म्हणून अनेकांना नूतनीकरणातच ती पहिल्यांदा आडवी आली.

हे किती लोकांकडून राहून जातं त्याचा अंदाज हवा असेल तर: नूतनीकरण न केल्यामुळे महारेराने १३ हजारांहून जास्त एजंटांची नोंदणी रद्द केली होती. आणि त्यानंतर २०२४मध्ये, सक्षमता प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार जणांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित केली.

माझी नोंदणी स्थगित आहे. या काळात आधीच्या व्यवहारांची दलाली मागू शकतो का? नवीन ग्राहक नेऊ शकतो का?

नवीन ग्राहक अजिबात नाही. स्थगित नोंदणीवर काम करणं म्हणजे नोंदणीशिवाय काम करणं. स्थगितीआधी पूर्ण केलेल्या व्यवहाराचे पैसे हा तुमचा आणि बिल्डरचा करार आहे. तुमच्याकडे लेखी काही असेल तर मागा. लेखी काहीच नसेल तर ती अडचण स्थगितीमुळे आलेली नाही.

वडिलांच्या नावाने नोंदणी आहे, ऑफिस आता मी बघतो. त्यांचाच नंबर वापरला तर?

चालत नाही. व्यक्तीची नोंदणी त्या व्यक्तीपुरतीच. वडील हयात असोत वा नसोत, ग्राहकाला तुम्ही भेटता, करार तुम्ही बोलता, तर परीक्षा आणि नोंदणी तुमची हवी. दोघांनी मिळून भागीदारी संस्था काढली तर संस्थेची स्वतंत्र नोंदणी घ्यावी लागते, वडिलांचा नंबर तिच्याकडे वळवता येत नाही. संस्थेची नोंदणी झाल्यावरही ग्राहकाशी बोलणाऱ्यांना सक्षमता प्रमाणपत्र लागतं. बिल्डरच्या सेल्स ऑफिसातल्या, ग्राहकांशी थेट व्यवहार बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही तो नियम आहे.

नंबर कुठे कुठे लिहायचा?

ऑफिसात दर्शनी भागात, शाखा असेल तर तिथेही. लेटरहेड, पावती, व्हिजिटिंग कार्ड, बॅनर, इन्स्टाग्रामची रील, आणि हो, व्हॉट्सॲप स्टेटससुद्धा. तुम्ही घडवलेल्या प्रत्येक विक्रीत तुमचा क्रमांक नमूद झाला पाहिजे, असं कायदाच सांगतो.

प्रकल्पाची जाहिरात करत असाल तर प्रकल्पाचा नंबर वेगळा द्यायचा. तो इंग्रजी ‘पी’ने सुरू होतो, एजंटाचा ‘ए’ने. दोन्हींची गल्लत करून ‘महारेरा मान्यताप्राप्त’ एवढंच लिहिणारे बोर्ड हायवेवर अजून दिसतात. त्या बोर्डांवरून काहीच सिद्ध होत नाही. १ ऑगस्ट २०२३पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही हवा, आणि तो स्कॅन होईल एवढा मोठा हवा. २०२५मध्ये अक्षरांच्या आकाराचाही आदेश निघाला: प्रकल्पाचा महारेरा नंबर आणि संकेतस्थळाचा पत्ता, संपर्काचा फोन ज्या आकारात छापलाय त्याहून लहान नको. चूक झाली तर ₹५०,०००पर्यंत दंड होऊ शकतो. बिल्डरकडून आलेलं डिझाइन तसंच पुढे ढकलण्याआधी एकदा नजर टाका.

बिल्डर म्हणतो, ‘रेरा नंबर पुढच्या महिन्यात येतोय, तोवर ईओआय (घर घेण्याची इच्छा दाखवणारं पत्र आणि टोकन रक्कम) गोळा करा.’ करू का?

नको. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री घडवायची नाही, हे कलम १०मधलं एजंटाचं पहिलं कर्तव्य आहे. बिल्डरला तर कलम ३ने जाहिरात, बुकिंग, निमंत्रण सगळंच बंद आहे. ‘प्री-लाँच’, ‘ईओआय’, ‘टोकन परत मिळणारं आहे’, अशी नावं काहीही दिली तरी पैसे ग्राहकाचे आणि भेटलेला चेहरा तुमचा असतो. प्रकल्प अडकला की ग्राहक बिल्डरच्या टॉवरवर जात नाही, तुमच्या दुकानात येतो.

५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा ८ सदनिकांपर्यंतचे छोटे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत. पण ‘आमचा प्रकल्प छोटाय’ हे बिल्डरच्या तोंडचं वाक्य घेऊन थांबू नका, मंजूर नकाशा पाहा. टप्पे पाडून आठ-आठ घरं दाखवणं चालत नाही, सगळे टप्पे मिळून मोजतात.

बुकिंगची रक्कम माझ्या खात्यात घेतली तर?

घेऊ नका. रक्कम थेट प्रकल्पाच्या खात्यात गेली पाहिजे. शिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरलाही घेता येत नाहीत. ग्राहकाला हे तुम्हीच आधी सांगितलंत तर तो दुसरं घर घ्यायलाही तुमच्याकडेच येईल.

दलालीचा दर महारेरा ठरवतो का?

नाही. दर तुम्ही आणि समोरचा ठरवता. महारेराला फक्त तुम्ही नोंदणीकृत आहात आणि हिशेब ठेवता एवढं हवं असतं. वह्या, पावत्या, ग्राहकाला दिलेल्या कागदांच्या प्रती नीट ठेवा. आयकर आणि जीएसटीचं काम सीएकडे सोपवा, लॉगिन सोडून.

ग्राहक माझी नोंदणी तपासू शकतो का? आणि तक्रार केली तर?

तपासू शकतो आणि तपासतो. महारेराच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकला की कोणालाही लॉगिनशिवाय नोंदणी दिसते. मुदत संपलेली असेल तर तीही दिसते. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना ते पाहा. रेराच्या नावाने फी उकळणारी खासगी संकेतस्थळंही फिरत असतात.

तक्रारही ऑनलाइन होते, तक्रारदाराला ₹५,००० फी भरावी लागते. नोटीस तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवर येते. सुनावणीला हजर राहा, लेखी उत्तर द्या. अटी मोडल्या किंवा खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असं ठरलं तर ती रद्द होऊ शकते, पण तुमचं म्हणणं ऐकल्यावरच. आदेश पटला नाही तर ६० दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणात अपील करता येतं.

प्रत्यक्ष जाऊन कोणाला भेटता येतं का?

महारेराचं मुख्य कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हाऊसफिन भवनात आहे, पुण्यात आणि नागपुरातही कार्यालयं आहेत. पण नोंदणीचा अर्ज कागदावर स्वीकारत नाहीत. तिथे जायचंच असेल तर अर्ज क्रमांक, पैसे भरल्याची पावती आणि त्रुटीच्या शेऱ्याची छापील प्रत बरोबर न्या, आणि ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो चार्ज करून खिशात ठेवा.